घरची प्रयोगशाळा : तडकलेली काठवट आणि तुकड्यांचा वाडगा



तांब्या-पितळेच्या भांड्यांवरच्या मागच्या लेखानंतर तीन घरांतून चिठ्ठ्या आल्या. गंमत म्हणजे एकाही चिठ्ठीत तांब्या-पितळेबद्दल काही नव्हतं! तिन्ही घरांचा प्रश्न एकच. गावाहून हौसेने आणलेली लाकडी वस्तू मस्कतला आल्यावर वर्षभरात तडकली. एका घरी पोळपाट, दुसऱ्या घरी देव्हाऱ्याची फळी आणि तिसऱ्या घरी काठवट. काठवटीवाल्या ताई लिहितात, "आजेसासूबाईंच्या वेळची आहे. चाळीस वर्षं तीत भाकरीचं पीठ मळलं, एक चीर नव्हती. इथे आणली आणि काठापासून फाटत गेली. घरातल्या मोठ्यांना हा शकुन बरा वाटत नाही. ठेवावी की टाकावी?"

ताई, ठेवा. शकुनाचा यात काही संबंध नाही. काठवट तडकली ती पाण्यामुळे, म्हणजे पाणी न मिळाल्यामुळे. कसं ते खाली सांगते.

योगायोगाने सुट्टीतल्या शिबिरासाठी कार्यकारिणीने यंदा लेथवर लाकडी वाडगा करण्याचा विषय घेतला आहे. हा वाडगा एका ओंडक्यातून कोरायचा नाही, लहान लहान तुकडे जोडून करायचा आहे. "तुकडे जोडलेला वाडगा टिकणार कसा? अखंड काठवट जिथे तडकली तिथे हा किती दिवस राहणार?" अशी शंका बैठकीत निघाली होतीच. या शंकेचं उत्तर आणि ताईंच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे, म्हणून दोन्ही विषय एकाच लेखात घेते.

लाकूड पाणी पितं

झाड तोडलं, फळ्या पाडल्या, वस्तू केली, तरी लाकडाचं पाणी पिणं थांबत नाही. लाकडाचा मुख्य घटक सेल्युलोज. त्याच्या लांबलचक साखळ्यांवर पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या असंख्य जागा असतात. हवा दमट असली की पाणी येऊन तिथे बसतं, साखळ्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि लाकूड फुगतं. हवा कोरडी झाली की पाणी निघून जातं आणि लाकूड आटतं. पावसाळ्यात गावाकडचं दार चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात मोकळं होतं, ते यामुळेच.

हवेची आर्द्रता ७५ टक्के असेल तर लाकडातलं पाणी कोरड्या वजनाच्या सुमारे १४ टक्क्यांवर स्थिरावतं. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली तर ते ६ टक्क्यांच्या आसपास येतं. आता आपलं बघा. मस्कतला समुद्राची दमट हवा आहे खरी, पण आपण राहतो एसीत. एसी दिवसभर खोलीतलं पाणी काढून नळीवाटे बाहेर ठिबकवत असतो. त्यात उन्हाळ्यात वाळवंटाकडून गर्बी वारा सुटला की बाहेरची हवासुद्धा पापड वाळवण्याइतकी कोरडी होते.

फुगणं-आटणं सगळ्या दिशांना सारखं असतं तर काहीच बिघडलं नसतं, वस्तू थोडी लहान-मोठी झाली असती इतकंच. पण तसं नसतं. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या कडेकडेने सुमारे ५.८ टक्के आटतं, वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के आटतं, आणि रेषांच्या लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. म्हणजे २४ सेंटीमीटर रुंदीची सागवानी फळी १४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आली तर रुंदीत सुमारे ४ मिलिमीटर कमी होते, आणि तेवढ्याच लांबीत फरक पडतो तो दहाव्या हिश्श्याच्या मिलिमीटरचा. एकाच लाकडाच्या या दोन दिशांचं एकमेकींशी पटत नाही. सगळी भानगड तिथे आहे.

आता काठवटीकडे येऊ. ती अखंड लाकडातून कोरलेली असते. तिच्या दोन बाजूंना लाकडाच्या रेषांची तोंडं उघडी पडतात आणि तिथून पाणी फार लवकर निघून जातं. पोट जाड असतं, ते सावकाश सुकतं. काठ आटू पाहतो, पोट त्याला आटू देत नाही, आणि शेवटी काठ फाटतो. मग गावी चाळीस वर्षं का फाटला नाही? कारण गावी ती रोज वापरात होती. रोज पिठाचं पाणी, रोज धुणं, रोज सावलीत सुकणं. इथे भाकरी होते महिन्यातून दोनदा, आणि बाकीचे दिवस काठवट कपाटावर, नेमकी एसीच्या झोताखाली. चाळीस वर्षं थोडं थोडं पाणी पिणाऱ्या लाकडाला एकदम निर्जळी उपास घडला!

कडं का तडकत नाही

तुकड्यांच्या वाडग्याची युक्ती साधी आहे. लाकडाच्या पट्टीचे तिरपे काप देऊन बारा तुकडे करायचे आणि ते गोल जोडून कडं करायचं. प्रत्येक तुकड्यात लाकडाच्या रेषा घेराच्या दिशेने जातात. घेर म्हणजे लाकडाची लांबी, आणि लांबीत लाकूड जवळजवळ हलतच नाही. जे काही आटायचं-फुगायचं ते कड्याच्या जाडीत आणि उंचीत. जाडी २ सेंटीमीटर असेल तर फरक पडला तरी ०.३ मिलिमीटरच्या आसपास. तेवढा त्याला मोकळेपणाने करता येतो, कारण अडवायला कुणी नाही. अखंड लाकडाचा वाडगा सुकला की लंबगोल होतो किंवा फाटतो, हा मात्र गोलच राहतो.

हे काही कुणी परवा शोधून काढलेलं नाही. बैलगाडीचं चाक आठवा. लाकडी चाकाचा घेर अखंड लाकडाचा कधीच नसतो, तो तुकड्यातुकड्यांचा असतो आणि प्रत्येक तुकड्यात रेषा घेराच्या बाजूने घेतलेल्या असतात. त्यावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवतो आणि पाणी ओततो. धाव आकसते आणि सगळे तुकडे आवळून धरते. उन्हाळ्यात लाकूड आटलं की धाव सैल होते, म्हणून चाकं ओली करत. आपल्या सुताराने सेल्युलोजचं नाव ऐकलं नव्हतं, पण त्याला हे सगळं ठाऊक होतं.

आणि इथल्या सुतारांनाही होतं. अल बुस्तानच्या चौकात उभं असलेलं 'सोहार' जहाज आपण सगळ्यांनी येता-जाता पाहिलं आहे. टिम सेव्हरिन यांनी ते सूरला बांधून घेतलं आणि १९८०-८१ मध्ये मस्कतहून चीनमधल्या कँटनपर्यंत नेलं. लाकूड आणलं होतं मलबारातून, फणसाच्या कुळातलं अयनीचं. फळ्या जोडायला एकही खिळा नाही, सगळं काथ्याने शिवलेलं. शिवण थोडी ताणते, थोडी सैल होते आणि फळ्यांना हलायला जागा देते. लाकडाला हलू द्यायचं, पण कुठे हलायचं ते आपण ठरवायचं, हेच चाकाचं तत्त्व, जहाजाचं आणि आपल्या वाडग्याचंही.

लाकूड कोणतं घ्यायचं

वादी कबीरच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये मागितलं तर पोतंभर तुकडे आनंदाने देतात. सागवान, शिसवी, बीच, आंबा, काहीही चालेल. मात्र तीन गोष्टी नकोत.

पहिली, प्लाय, एमडीएफ आणि रंगवलेल्या फळ्या. त्यांतल्या गोंदात फॉर्मल्डिहाइड असतं आणि रंगात काय असेल ते सांगता येत नाही. दुसरी, शिक्का न बघता घेतलेली सामानाच्या खोक्यांची लाकडं. परदेशी प्रवास करणाऱ्या खोक्यांवर आणि पॅलेटवर एक शिक्का असतो. त्यात 'एचटी' अशी अक्षरं असतील तर किडीसाठी फक्त उष्णता दिलेली असते. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. हा विषारी वायू आहे. खाण्याच्या भांड्यासाठी 'एमबी'चं लाकूड घेऊ नका. तिसरी, ओलं लाकूड.

लाकूड सुकलं आहे की नाही, हे ओळखायला महागडं यंत्र नको. स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. तुकडे घरात, ज्या खोलीत वाडगा पुढे राहणार त्याच खोलीत ठेवायचे आणि दर शुक्रवारी वजन करून लिहून ठेवायचं. लागोपाठ तीन शुक्रवार वजन बदललं नाही की लाकूड त्या खोलीचं झालं असं समजावं. हे काम मुलांना द्या. आलेख काढायला लावा, शाळेच्या प्रकल्पालाही उपयोगी पडेल.

थोडं गणित

बारा तुकडे म्हणजे चोवीस काप. ३६० भागिले २४ म्हणजे १५, म्हणून प्रत्येक काप १५ अंशांचा. तुकड्याची बाहेरची लांबी काढायला कड्याच्या व्यासाला ०.२६८ ने गुणायचं. आपल्या वाडग्याला चार कडी आणि एक बूड लागेल :

- वरचं कडं, व्यास २४ सेंटीमीटर : तुकडा ६.४३ सेंटीमीटर
- दुसरं, व्यास २२ : तुकडा ५.९०
- तिसरं, व्यास १८ : तुकडा ४.८२
- चौथं, व्यास १४ : तुकडा ३.७५
- बूड : १० सेंटीमीटर व्यासाची चकती

पट्टी ३.५ सेंटीमीटर रुंद आणि २ सेंटीमीटर जाड. प्रत्येक कापानंतर पट्टी उलटी करत गेलं की लाकूड वाया जात नाही, आणि ४८ तुकड्यांना मिळून अडीच मीटर पट्टी पुरते.

यात कोनाला फार महत्त्व आहे. करवतीचा कोन पाव अंशाने चुकला तर डोळ्यांना दिसतही नाही. पण चोवीस काप म्हणजे सहा अंश, आणि २४ सेंटीमीटरच्या कड्यात सहा अंश म्हणजे सव्वा सेंटीमीटरची फट! यावर कारागिरांची एक छान युक्ती आहे. बारा तुकडे एकदम चिकटवायचे नाहीत, सहा-सहाची दोन अर्धी कडी करायची. चिकटवताना दोन अर्ध्यांच्या मधल्या दोन सांध्यांत गोंद न लावता एकेक दात कोरायची काडी ठेवायची आणि बाहेरून पाण्याच्या नळीला लावतात तसला पत्र्याचा पट्टा आवळायचा. सुकल्यावर दोन्ही अर्धी सुटी होतात. मग सपाट काचेवर ८० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवून अर्ध्या कड्याची दोन्ही टोकं एकदम घासायची. चोवीस कापांतला सगळा फरक याच टोकांशी गोळा झालेला असतो, तो घासून जातो. दोन अर्धी जोडली की फट नाही.

गोंद

पांढरा गोंद म्हणजे पॉलिव्हिनाइल असिटेटचे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवलेले. आपल्याकडे तो फेविकॉल या नावानेच ओळखला जातो. पाणी लाकडात शिरलं की हे कण एकमेकांना भिडतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. वाडग्यासाठी साधा गोंद न घेता पाण्याला टिकणारा, डी-३ वर्गाचा घ्यावा.

आपल्या तुकड्यांची कापलेली बाजू म्हणजे जवळजवळ लाकडाच्या रेषांची तोंडंच. असंख्य बारीक नळ्या उघड्या असतात आणि लावलेला गोंद पिऊन टाकतात. म्हणून आधी एक पातळ हात द्यायचा, चार-पाच मिनिटं थांबायचं आणि मग दुसरा हात देऊन जोडायचं. सागवान असेल तर जोडण्याच्या जरा आधी कापलेली बाजू असिटोनच्या फडक्याने पुसून घ्या. सागवानात मुळातच तेलकट द्रव्यं असतात आणि ती गोंदाला धरू देत नाहीत. असिटोन लगेच पेट घेतं, त्यामुळे जवळ गॅस किंवा उदबत्ती नको.

तरीही हे सांधे एकटे तसे नाजूकच. खरी ताकद येते कडी एकावर एक रचल्यावर. भिंतीत विटा रचतात तशी वरच्या कड्याचा सांधा खालच्या तुकड्याच्या मधोमध येईल अशी रचना करायची. कड्यावर कडं बसतं तिथे लाकडाची लांब बाजू लांब बाजूला चिकटते, आणि तो जोड लाकडाइतकाच पक्का असतो.

बूड मात्र जपून निवडा. ते एकच अखंड चकती असतं, म्हणजे आटणार-फुगणार. चकती लहान ठेवली आणि वर्षवलयं फळीच्या जाडीत उभी दिसतील अशा फळीतून कापली तर १० सेंटीमीटरमागे पाऊण मिलिमीटरच्या आतच फरक पडतो, आणि तेवढा जोड सोसतो. मोठं बूड लावलं तर वाडगा फुटेल तो तिथेच.

लेथवर

लेथला मराठीत कातारी लोकांचं काम म्हणत. 'कातीव' हा शब्द आपण दगडी खांबांना किंवा नाकीडोळी नीटस माणसालाही लावतो, तो त्याच कामातला. गोंद पुरते चोवीस तास सुकल्याशिवाय वाडगा लेथला लावायचा नाही.

वेगाचा ढोबळ नियम असा : व्यास इंचांत घ्यायचा, त्याला मिनिटातल्या फेऱ्यांनी गुणायचं, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यायला हवं. आपला वाडगा साडेनऊ इंचांचा, म्हणजे ६५० ते ९०० फेऱ्या. सुरुवात त्याहून सावकाश, कारण बारा कोपरे असलेलं कडं अजून गोल झालेलं नसतं. हत्यार टेकवायची पट्टी लाकडाच्या अगदी जवळ घ्यायची, आणि बटण दाबण्याआधी वाडगा हाताने एक पूर्ण फेरी फिरवून कुठे अडत नाही ना ते बघायचं. गोल तोंडाच्या पटाशीची पाठ आधी लाकडाला टेकवायची आणि मग हळूच धार लावायची. थेट धार खुपसली तर पटाशी अडकते आणि वाडग्याच्या चिरफळ्या उडू शकतात.

म्हणून शिबिराचे नियम सांगते. यावर चर्चा होणार नाही. लेथवर फक्त मोठी माणसं आणि शेजारी वर्कशॉपचे उस्ताद उभे असतील तरच. नुसता चष्मा नको, पूर्ण चेहऱ्यावरची काच. ओढणी, पदर, सैल बाह्या, मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी, मोकळे केस, यांतलं काहीही नको. फिरत्या वाडग्याच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. यंत्राच्या करवतीवर तुकडे कापणं हेही मोठ्यांचंच काम. वजन करणं, रचना ठरवणं, घासणं, चिकटवणं हे सगळं मुलांचं, आणि खरं डोकं तिथेच लागतं.

भुसा

हा भाग कृपया वगळू नका. लाकडाचा बारीक भुसा हा निरुपद्रवी कचरा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या भुशाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं आहे. धोका मुख्यतः नाकाच्या आतल्या पोकळीला आणि वर्षानुवर्षं भुशात काम करणाऱ्यांना. शिसवीच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळही उठतं. एका शिबिराने कुणाला काही होणार नाही, पण सवय पहिल्या दिवसापासून लागावी. तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. एन-९५ किंवा त्या तोडीचा मास्क हवा.

ज्या उस्तादांच्या जागेत आपण चार तास हौस करणार, ते तिथे दिवसाचे दहा तास श्वास घेतात. कार्यकारिणीला माझी विनंती आहे की मास्क आपल्यापुरते न आणता त्यांच्यासाठीही खोकाभर आणावेत आणि का घालायचे ते दोन वाक्यांत हिंदीतून सांगावं. वाडग्याच्या खर्चात हा खर्च धरलाच पाहिजे.

वरून काय लावायचं

बहुतेक घरी खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावतात. ही तेलं सुकत नाहीत. काही महिन्यांनी खवट होतात आणि चिकट थर बसतो. जवसाचं तेल सुकतं, कारण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पण रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या 'उकळलेल्या' जवसाच्या तेलात लवकर सुकण्यासाठी कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार घातलेले असतात. ते खाण्याच्या भांड्याला नको. आणखी एक सांगते. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगळून टाकलं तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर नक्कीच सांभाळा. फडकं पसरून वाळवायचं किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून टाकायचं.

सोपा उपाय म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. ते खवट होत नाही. त्यात थोडं मधमाशांचं मेण वितळवून चोळलं की झालं.

पण मला स्वतःला आवडते ती लाख. पळस, कुसुंब, बोर या झाडांवर राहणाऱ्या इवल्याशा किड्याचा हा स्राव. गोळ्या-औषधांवर, मिठाईवर, सफरचंदांवर तिचा थर देतात. खाद्यपदार्थांच्या यादीत तिचा क्रमांक ई ९०४. आमच्या सिंधुदुर्गातल्या मंडळींना लाखकाम सांगायला नको. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी चितारआळीतून आणलेली नसतील असं घर विरळा. तिथली लाखकामाची आणि गंजिफांची कला मागे पडत चालली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला लेथवरच लाख चढवतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, मग केवड्याचं पान दाबून झिलई आणतात. ना ब्रश, ना चूल.

आपल्याला कांडी मिळाली नाही तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने पातळ हात द्यावेत, खिडक्या उघड्या ठेवून. मात्र लाखेला उष्णता आणि सोडा सोसत नाहीत. म्हणून या वाडग्यात गरम आमटी नाही, ताक नाही, आणि धुताना सोड्याची पावडर नाही. फळं, लाडू, चिवडा, सुका मेवा, खजूर यांसाठी उत्तम.

आणि काठवट?

आता ताईंसाठी. चीर वरवरची असेल तर काठवट धुऊन सावलीत सावकाश सुकवा. मग मेण आणि बारीक भुसा एकत्र वितळवून चिरेत भरा. कडक गोंद किंवा एम-सील भरू नका. दमट दिवसांत लाकूड फुगेल, चीर मिटू पाहील, कडक गोंद ती मिटू देणार नाही आणि मग दुसरीकडे फाटेल. मेण मऊ असतं, ते जागा करून देतं. काठांवर, जिथे रेषांची तोंडं उघडी आहेत तिथे, लिक्विड पॅराफिन दोन-तीनदा मुरवा. एसीच्या झोतात आणि बाल्कनीच्या उन्हात ठेवू नका. आणि शक्य असेल तर आठवड्यातून एकदा तीत भाकरी करा. काठवटीला त्यासारखं औषध नाही.

चीर आरपार गेली असेल तर मात्र तीत पीठ मळू नका. चिरेत अडकलेलं पीठ आंबतं, बुरशी धरते. तिला कोरड्या कामाला लावा, फळं ठेवा, गौरींच्या वेळी फुलं ठेवा. पण टाकू नका. ज्या मोठ्यांना शकुन वाटला त्यांनाही सांगा, की लाकूड इथली हवा प्यायला लागलं, इतकाच त्याचा अर्थ. गावी परत नेलीत तर पहिल्या पावसाळ्यात तीच चीर बरीचशी मिटलेली दिसेल.

पोळपाट आणि देव्हाऱ्याच्या फळीलाही हेच लागू. फळी चौकटीत खिळ्यांनी जखडली असेल तर खिळे काढून तिला खाचेत मोकळी बसवून घ्या. ती फाटली, कारण तिला आटायला जागाच ठेवलेली नव्हती.

शिबिरासाठी नावं ग्रंथालयाच्या वेळेत द्यावीत. बारा वर्षांवरील मुलं आणि एक पालक अशी जोडी हवी. सुके तुकडे, जुना वजनकाटा, नळीचे पट्टे कुणाकडे पडून असतील तर आणावेत. वजनाची वही मात्र आजपासूनच सुरू करा, कारण तीन शुक्रवार थांबायचं आहे.

पुढील अंकात : लोखंडी तव्यावर तेलाचा काळा थर कसा बसतो आणि तो घासून का काढू नये. प्रश्न नेहमीप्रमाणे चिठ्ठीने पाठवावेत. विषयाला धरून नसले तरी चालतील, हे आता सिद्धच झालं आहे!